चटणीवरचा आळ

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात कुणाचं पोट बिघडलं की पहिला आळ शेंगाचटणीवर. "चटणी बंद कर, बरं वाटेल," असं घरची थोरली मंडळी सांगून मोकळी होतात. पण हीच चटणी, हीच कडक भाकरी वर्षभर पचत होती. ती नेमकी पोराच्या बारावीच्या वर्षात, नाहीतर कारखान्याने पाळ्या कमी केल्यावरच का बाधावी?

अमेरिकेत १८२२ साली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाला चुकून बंदुकीचा बार लागला. माणूस वाचला, पण जठरापर्यंत जाणारं भोक काही बुजलं नाही. डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून कित्येक वर्षं पचन डोळ्यांनी पाहिलं. गडी रागावला की पचनही बिघडतं, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. बिचारा गडी! असं कुणी रोज पोटात डोकावलं तर कुणाला राग येणार नाही?

अन्ननलिकेपासून खालपर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त मज्जापेशी आहेत. मेंदू आणि पोट यांना जोडणारी व्हेगस नावाची नस दोन्हीकडचे निरोप नेते, आणि त्यातले बहुतेक निरोप पोटाकडून मेंदूकडे जातात. म्हणून चिंतेने पोट बिघडतं, आणि बिघडलेल्या पोटाने माणूस चिडचिडा होतो. ताणात जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, तेव्हा दोन घासांतच पोट तुडुंब वाटतं. मोठं आतडं मात्र घाईला येतं. इंटरव्ह्यूच्या सकाळी दोन-तीनदा संडासला का जावं लागतं, ते आता कळलं असेल.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका पाहा. मांडीवर सूप, नजर पानावर, मनात एकच हिशेब, आज किती विड्या बाद होणार? सकाळपासून पोटात नुसता चहा, वर तंबाखूची मिश्री. दुपारी चार घास उभ्याउभ्याच. त्या बाईला "तिखट खाऊ नका" एवढंच सांगून काय उपयोग?

तपासण्या नॉर्मल आल्या की घरचे म्हणतात, "काही नाही, मनाचे खेळ." हे मला अजिबात पटत नाही. ताणामुळे आतड्याच्या नसा हळव्या होतात, मग साधा गॅससुद्धा कळ आणतो. ती कळ खरीच असते.

पण सगळंच टेन्शनवर ढकलू नका. अल्सरचं खापर वर्षानुवर्षं टेन्शनवर आणि तिखटावर फुटत होतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवून दिला. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. अंगदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो. डांबरासारखी काळी शौच, शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, घास अडकणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. छातीत जळजळ आणि सोबत घाम, हातात कळ असेल, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

बाकीच्यांनी जेवण एका जागी बसून करावं. रात्रपाळी असली तरी जेवणाची वेळ शक्यतो एकच ठेवावी. ताटावर बसलं की आधी चार-पाच श्वास सावकाश, पोट फुगवून घ्यावेत. देण्याघेण्याची, पोरांच्या मार्कांची बोलणी ताट उचलल्यावर.

आणि मेडिकलमधून आपल्याच मनाने पित्ताची गोळी आणून महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी ती किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचारावं. विचारायला जाल तेव्हा घरात काय चाललंय, झोप लागते का, तेही सांगा. पोटाच्या डॉक्टरला हे कशाला, असं वाटेल. तरी सांगा.

नमस्कार.