बोल्ट पुढे, आपण मागे

[दृश्य: काळोखी खोली. टेबलावर शेजारी शेजारी दोन पडदे. दोन्हींवर एकेक हात, हातात गंजका बोल्ट.]

डावीकडचा हात २००७ सालच्या 'स्टॉकर' या व्हिडिओ गेममधला. उजवीकडचा २०२४ च्या 'स्टॉकर २' मधला. मधल्या सतरा वर्षांत हातावर शिरा उमटल्या, नखांत माती आली, बाहीचा धागान्‌धागा दिसायला लागला. बोल्ट मात्र तोच.

[दृश्य: बोल्ट फेकला जातो. दोन्ही पडद्यांवर हवा वेडीवाकडी होते, धूळ उसळते.]

समोर काहीच दिसत नव्हतं. सुकं गवत, जागच्या जागी भिरभिरणारी चार पानं. तिथून माणूस गेला असता तर चिंध्या झाल्या असत्या. बोल्ट आधी गेला म्हणून माणूस राहिला. चेर्नोबिलच्या झोनमध्ये, म्हणजे युक्रेनमधल्या फुटलेल्या अणुभट्टीभोवतीच्या बंद प्रदेशात, चालायची रीत ही अशी. बोल्ट पुढे, आपण मागे.

ही कल्पना गेमवाल्यांची नव्हे. रशियन लेखक स्ट्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ च्या कादंबरीत आणि दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या १९७९ च्या चित्रपटात माणसं अशीच लोखंडाचे तुकडे फेकत वाट शोधतात. 'स्टॉकर' हा शब्दही तिथलाच. तेव्हा चेर्नोबिलची भट्टी फुटलेलीही नव्हती.

[दृश्य: डावा पडदा. प्रिप्यातचा पिवळ्या पाळण्यांचा आकाशपाळणा. रिकामा चौक.]

ती फुटली २६ एप्रिल १९८६ रोजी. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीशेजारच्या प्रिप्यात शहरातली सुमारे ४९ हजार माणसं बसमध्ये बसवून नेली. हा पाळणा १ मेच्या सणाला सुरू व्हायचा होता.

कीव्हमध्ये जीएससी गेम वर्ल्ड नावाची कंपनी होती, १९९५ पासूनची. चेर्नोबिल तिथून शंभरेक किलोमीटरवर. या मंडळींनी झोनमध्ये जाऊन भिंती, जिने, झाडं, सांगाडे यांचे फोटो काढले आणि गेम त्यातून उभा केला. कथेत त्यांनी एक भर घातली: २००६ साली तिथे दुसरा स्फोट होतो, आणि निसर्गाचे नियम जागोजागी फाटतात. त्या फाटलेल्या जागांना 'अ‍ॅनॉमली' म्हणायचं. तिथे तयार होतात त्या मौल्यवान चिजा, 'आर्टिफॅक्ट'. त्या गोळा करायला चोरून आत शिरतो तो स्टॉकर.

पहिल्या गेमची घोषणा २००१ ची. हातात पडला मार्च २००७ मध्ये. नाव, 'शॅडो ऑफ चेर्नोबिल'.

[दृश्य: डावा पडदा. रस्त्यावर तीन स्टॉकर चालताहेत. कॅमेरा त्यांच्या मागून, लांबून.]

हे तिघे बघून ठेवा. यांचा कथेशी काडीचा संबंध नाही. आपल्याला काम देणार नाहीत, आपल्याकडून घेणार नाहीत. ते चाललेत कुठेतरी. आम्ही त्यांच्या मागे मागे गेलो.

[दृश्य: तोच प्रसंग पुढे. कुत्र्यांची टोळी. गोळीबार. एक पडतो. दुसरा त्याच्या खिशात हात घालतो.]

इथे आम्ही बंदुकीला हात लावलेला नाही. हे असंच घडलं. आम्ही तिथे नसतो तरीही घडलं असतं, आणि या गेमची खरी कमाल तीच आहे. ग्राफिक्स बाजूला ठेवा.

या यंत्रणेचं नाव 'ए-लाइफ'. ती चालते कशी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

[दृश्य: डावा पडदा. खेळाडूच्या यंत्रावरचा झोनचा नकाशा, त्यावर हलणारे ठिपके.]

झोनचे वेगवेगळे तुकडे पाडलेले आहेत. आपण ज्या तुकड्यात असतो तिथली माणसं आणि जनावरं जवळ आली की पूर्ण जिवंत असतात. त्यांना दिसतं, ऐकू येतं, ती आडोसा घेतात, पळतात. लांबची माणसं मात्र पुसून टाकलेली नसतात. त्यांचा फक्त हिशेब चालू असतो, आकड्यांत. अमुक स्टॉकर या शेकोटीवरून त्या शेकोटीकडे निघाला. वाटेत रानडुकरं आडवी आली. त्याची बंदूक अशी, डुकरं इतकी. काय झालं असेल? संगणक झटक्यात निकाल लावतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. तिथे ना चित्र, ना आवाज. पण चार तासांनी आपण त्या वाटेने गेलो की प्रेत तिथे पडलेलं असतं, आणि त्याच्याकडची ब्रेडची लादी नि सॉसेज कुणीतरी आधीच नेलेलं असतं.

म्हणजे चित्र काढायचं ते जवळच्याचं, हिशेब ठेवायचा तो सगळ्यांचा. चाळीतल्या वाण्याच्या वहीसारखं म्हणा ना. गिऱ्हाईक समोर नसलं तरी त्याच्या नावाचं पान असतंच.

मूळ बेत याहून मोठा होता. प्रकाशनापर्यंत तो बराच आवरता घेतला गेला. उरलं ते एवढं, तरी आजही आम्ही त्या तिघांच्या मागे चालत गेलो.

[दृश्य: उजवा पडदा. उंच गवत, वारा, संध्याकाळचं तिरपं ऊन. लांबवर 'दुगा' रडारची जाळी.]

आता उजवीकडे या. 'स्टॉकर २: हार्ट ऑफ चोर्नोबिल'. प्रकाशन २० नोव्हेंबर २०२४. नावातला एक स्वर बदललाय, लक्षात आलं असेल. चेर्नोबिल हा रशियन उच्चार. चोर्नोबिल हा युक्रेनचा.

हे दृश्य आम्ही कापलेलं नाही. पूर्ण दीड मिनिट राहू दिलंय. समोरची लोखंडी जाळी खरोखरच्या झोनमध्ये आजही उभी आहे. सोव्हिएत काळातलं रडार, उंची दीडशे मीटरच्या आसपास. नव्या गेममध्ये तिच्या पायथ्याशी जाऊन मान वर करता येते.

जुन्या झोनमध्ये एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना पडदा थांबायचा, लोडिंगची पट्टी सरकायची. नवा झोन सलग आहे. सुमारे ६४ चौरस किलोमीटर, मध्ये कुठेही दार नाही. जिथे नजर जाते तिथे पाय जातात.

[दृश्य: उजवा पडदा. आकाश लाल होतं. भोंगा. स्टॉकर तळघराकडे पळतात.]

आणि हे. याला 'एमिशन' म्हणतात. झोन मधूनच पेटतो, उघड्यावर असलेला जीव जगत नाही. पहिल्या गेममध्ये हा प्रसंग कथेला बांधलेला होता. इथे तो कधीही येतो: आपण सौदा करत असताना, पाठीवर ओझं असताना, जवळचं तळघर अर्धा किलोमीटर लांब असताना. हे चित्रीकरण करताना आम्ही दोनदा मेलो. दुसऱ्यांदा दार दिसत होतं.

बंदुकांचंही सांगायला हवं. दोन्हीकडे बंदूक झिजते आणि नको त्या वेळी अडकते. जुन्या गेममध्ये दुरुस्तीची सोयच नव्हती. झिजली की टाका, मेलेल्याची उचला. नव्यात दुरुस्ती करणारा आहे, पण सुरुवातीला त्याचं बिल असं यायचं की जिवावर उदार होऊन आणलेला आर्टिफॅक्ट त्याच्याच गल्ल्यात जायचा. पुढे दर उतरवले.

[दृश्य: डावा पडदा. अ‍ॅग्रोप्रॉमचं भुयार. पाण्यात पावलांचे ठसे उमटतात, माणूस दिसत नाही.]

हा ब्लडसकर, झोनमधला रक्तपिपासू प्राणी. अदृश्य होतो. जुना गेम आपल्याला या भुयारापर्यंत येऊ देतो, कित्येक तास, आणि मग दाखवतो. तेही आधी श्वास, मग पाणी हलतं, मग दोन डोळे.

[दृश्य: उजवा पडदा. ब्लडसकर. गोळ्या, गोळ्या, गोळ्या.]

नवा गेम त्याला फार लवकर समोर आणतो, आणि पहिल्या आवृत्तीत तो इतक्या गोळ्या पचवायचा की भीती संपून नुसता कंटाळा उरायचा. तेही पुढे कमी केलं.

[दृश्य: उजवा पडदा. ओसाड अंगण. खेळाडू वळतो. मागे पाच सशस्त्र माणसं.]

आता जे दाखवायचं होतं ते. हे अंगण आम्ही नुकतंच पूर्ण पाहिलं होतं. चारी कोपरे. कुणी नव्हतं. वळून पुन्हा पाहिलं तर पाच जण. ते चालत आले नाहीत. त्यांना भूतकाळ नाही. त्यांच्या नावाचं पान कुठल्याच वहीत नाही.

नव्या गेममध्ये 'ए-लाइफ २.०' असेल, असं सांगितलं होतं. प्रकाशनानंतर लोकांना ते सापडेना. निर्मात्यांचा खुलासा असा, की एवढ्या तपशीलवार जगाने संगणकाची मेमरी खाल्ली, म्हणून खेळाडूभोवतीचं जिवंत वर्तुळ लहान करावं लागलं, आणि त्यात बगही राहिले. म्हणजे गवताच्या पात्याला जागा मिळाली, त्या गवतातून चालणाऱ्या माणसाला मिळाली नाही.

जुना गेमही काही सोवळा नव्हता. २००७ मध्ये तोही मध्येच कोसळायचा, आणि आज तो नीट चालतो त्याचं बरंच श्रेय फुकटात मॉड, म्हणजे गेममध्ये परस्पर बदल, करणाऱ्या पोरांना आहे. पण त्याचं मोडलेपण वेगळं होतं. तिथे जग जास्तच चालायचं.

[दृश्य: २०२० च्या झलकीतली जंगलातली वाट. त्यावर एकापाठोपाठ एक तारखा.]

दुसऱ्या भागाची पहिली घोषणा २०१० ची. २०११ च्या डिसेंबरात कंपनी बंद पडल्याची बातमी आली आणि काम तिथेच राहिलं. २०१८ मध्ये पुन्हा घोषणा. गेम ज्यावर चालतो ते स्वतःचं जुनं 'एक्स-रे' इंजिन सोडून नव्याने मांडामांड, शेवटी अनरिअल इंजिन ५. प्रकाशनाची तारीख ठरली २८ एप्रिल २०२२. ती सरकली ८ डिसेंबरवर. मग २०२३. मग २०२४ ची सुरुवात. मग ५ सप्टेंबर. मग २० नोव्हेंबर.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या, त्याच दिवशी खऱ्या चेर्नोबिलवरही ताबा घेतला. जीएससीची काही माणसं प्रागला गेली, काही कीव्हमध्ये राहिली, काही आघाडीवर गेली. मालिकेतल्या 'क्लिअर स्काय' या मधल्या गेमच्या चमूतले व्होलोदिमिर येझोव डिसेंबर २०२२ मध्ये बाखमुतजवळ मारले गेले. नव्या गेममध्ये रशियन आवाज नाहीत.

[दृश्य: उजवा पडदा. पॅच उतरवला जातोय. पट्टी भरत जाते.]

दोन दिवसांत दहा लाख प्रती गेल्या. डिसेंबर २०२४ मधल्या एकाच पॅचमध्ये, म्हणजे सुधारणांच्या गठ्ठ्यात, १८०० हून जास्त दुरुस्त्या होत्या. ए-लाइफची दुरुस्ती तिथून पुढे चालूच राहिली, वर्तुळ हळूहळू मोठं होत गेलं. आम्ही हे चित्रीकरण पुन्हा केलं ते त्यानंतर.

[दृश्य: दोन्ही पडदे. रात्र. झोनचा 'गार्बेज' नावाचा भाग, रस्त्याकडेच्या शेकोट्या. कीबोर्डवरून हात उचलले जातात.]

परीक्षा साधी ठेवली. दोन्ही गेम एकाच ठिकाणी आणले, किरणोत्सारी भंगाराच्या ढिगांजवळ. शेकोटी शोधली. बसलो. वीस मिनिटं कशालाही हात लावायचा नाही.

[दृश्य: डावा पडदा.]

सहाव्या मिनिटाला लुटारू आले. आरडाओरडा, अंधारात ठिणग्या. शेकोटीवरचे चार होते, दोन उरले. त्यांनी पडलेल्यांच्या बंदुका उचलल्या, परत येऊन बसले. थोड्या वेळाने एकाने गिटार घेतली.

[दृश्य: उजवा पडदा.]

इथे पाऊस आला. ज्वाळा वाकली. समोरच्या माणसाच्या गालावरून थेंब ओघळला तो मोजता येत होता. दहावं मिनिट. बारावं. कुणी येत नाही, कुणी जात नाही. खोलीतलं कुणीतरी म्हणालं, बंद करा आता.

[दृश्य: उजवा पडदा. चौदावं मिनिट. रस्त्याच्या टोकाला कंदिलासारखा उजेड.]

दोघे जण. टॉर्च लावून, पावसात, रस्त्याच्या कडेकडेने. शेकोटीकडे त्यांनी पाहिलंही नाही. थांबले, एकाने काहीतरी फेकलं, हवा क्षणभर वाकडी झाली, आणि ते वळसा घालून पुढे गेले.

[दृश्य: टॉर्चचा उजेड ढिगामागे जाईपर्यंत. निवेदन नाही. फक्त पाऊस.]