एपवर्थच्या रेक्टरीतलं स्वयंपाकघर

मित्रहो, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात एपवर्थ नावाचं एक लहानसं बाजाराचं गाव आहे. तिथली जुनी रेक्टरी, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) पाळकाचं राहतं घर, आज वारसा-यादीत पहिल्या श्रेणीत आहे. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली आणि गीतकार चार्ल्स वेस्ली हे बंधू या घरात वाढले, म्हणून जगभरातून लोक ते पाहायला जातात. आपल्याकडच्या मेथडिस्ट मंडळींचं मूळही तिथपर्यंत पोचतं.

बरेच जण हे जॉनचं जन्मघर समजून येतात. तसं ते नाही. जॉनचा जन्म 1703चा आणि हे घर बांधलं गेलं 1709च्या आगीनंतर. आधीची रेक्टरी लाकूड-गिलाव्याची, वर गवताचं छप्पर. 1607च्या एका नोंदीत तिच्या खोल्या मोजून लिहून ठेवल्या आहेत. 9 फेब्रुवारी 1709च्या रात्री ती जळाली. पाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत अडकला. शिडी आणायला वेळ नव्हता. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने खिडकीतून पोराला बाहेर ओढलं. आग कोणी लावली, हे कधीच सिद्ध झालं नाही. पण जॉनचे वडील, पाळक सॅम्युअल वेस्ली आणि गावकरी यांचं पटत नव्हतं, हे खरं. कर्जापायी 1705 साली सॅम्युअल लिंकनच्या तुरुंगातही जाऊन आले होते.

नवं घर विटांचं झालं, दिसायला ऐसपैस. खर्च मात्र पाळकाच्या खिशातून. घर चर्चचं, उपभोग पाळकाच्या हयातीपुरता, आणि बांधायचं मात्र त्यानेच, अशी ती व्यवस्था होती. तेरा वर्षांनंतरही घरात निम्मंसुद्धा सामान आलं नव्हतं. दर्शनी भागावरून भुलू नका, असं मी म्हणतो ते यासाठी. त्या भारदस्त भिंतींच्या आत सतत ओढाताणीचा संसार चालला होता.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या मते या घराचं खरं मोल त्याच्या स्वयंपाकघरात आहे. सॅम्युअल यांच्या पत्नी आणि जॉनच्या आई सुझॅना वेस्ली यांना एकोणीस मुलं झाली, त्यातली दहा जगली. मुलांची शाळा त्या घरातच भरवत. पाच वर्षं पूर्ण झाली की मुलाला मुळाक्षरं शिकवायला बसवायचं, आणि मुलीला नीट वाचता येईपर्यंत शिवण-टिपणाच्या कामाला लावायचं नाही, हा त्यांचा नियम होता. अठराव्या शतकाच्या आरंभी! आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी निवांत बोलण्यासाठी राखलेली असे. जॉनचा वार गुरुवार. पुढे ऑक्सफर्डमध्ये अध्यापन करत असताना त्याने आईला पत्र लिहून त्या गुरुवारच्या वेळातला थोडा वेळ पुन्हा मागितला होता.

1711-12च्या हिवाळ्यात सॅम्युअल कामानिमित्त लंडनला होते. रविवारी संध्याकाळी सुझॅनाबाई स्वयंपाकघरात मुलांना आणि नोकरांना प्रवचन वाचून दाखवत, प्रार्थना घेत. शेजारी येऊ लागले, मग शेजाऱ्यांचे शेजारी. होता होता दोनशेवर माणसं जमली आणि जागेअभावी काहींना परत जावं लागलं. बाईने उपासना चालवावी हे हंगामी पाळकाला रुचलं नाही. त्याने तक्रार धाडली. नवऱ्याने हे थांबवावं असं सुचवलं, तेव्हा सुझॅनाबाईंनी उत्तर पाठवलं: नुसती इच्छा कळवू नका, थेट आज्ञा द्या, म्हणजे या लोकांचं भलं करण्याची संधी सोडल्याचा दोष देवापुढे माझ्यावर येणार नाही. उपासना चालू राहिली.

ही माणसं बसली कुठे, दारं कुठे उघडत होती, आवाज किती लांब पोचत असेल, हे कागद सांगत नाही. ते घर सांगतं. म्हणून पाळकघराचं जतन करताना बैठकीची खोली आणि अभ्यासिका सजवून चूल, कोठार, माळा दुर्लक्षित ठेवणं मला अक्षम्य वाटतं. स्वयंपाकघरात सोयीची म्हणून एक भिंत हलवली, तर त्या रविवारांचा पुरावाच गेला.

एपवर्थमध्ये 1950च्या दशकापर्यंत पाळक या घरात राहत होते. 1954 साली जागतिक मेथडिस्ट परिषदेने ते विकत घेतलं आणि दुरुस्त करून संग्रहालय केलं.

आणखी एक आग्रह. घर एकटं जपून भागत नाही. 1742 साली जॉन गावी परतले, तेव्हा वडिलांच्या जुन्या चर्चमध्ये त्यांना व्यासपीठ नाकारलं गेलं. ते बाहेर आले आणि आवारातल्या वडिलांच्या थडग्यावर उभे राहून बोलले, तेही लागोपाठ कित्येक संध्याकाळी. बाजारातल्या क्रूसाच्या पायऱ्यांवरूनही त्यांनी उपदेश केला. रेक्टरी, सेंट अँड्र्यू चर्च, ते थडगं आणि बाजारचौक या चारही जागा आजही पायी फिरून पाहता येतात. संरक्षणाची हद्द आखायची ती या चारही जागांना वेढून, आणि त्यांच्या मधल्या वाटांसकट.