जॉब आधी कुठला?

(उद्यमबाग, बेळगाव. सकाळची पाळी. टेम्पोतून कास्टिंग उतरतंय.)

फौंड्रीतून आलेला माल जमिनीला टेकतो न टेकतो तोच सुपरवायझरकाकांनी खिशातला खडू काढलाय. एका कास्टिंगवर 3, शेजारच्यावर 1.

"हे बारकं आधी चढव की. ते मोठं सेटिंगलाच दोन तास खाईल."

हे आकडे कुठल्या वहीत लिहिलेले नसतात. कुठलं लेथ मंद चालतं, कुणाचा हात कशावर बसलाय, ड्रिलिंग झाल्याशिवाय टॅपिंगला काय न्यायचं नाही, सगळं काकांच्या डोक्यात.

(सर्व्हरचे लुकलुकणारे दिवे.)

संगणकवालेही कामाला 'जॉब'च म्हणतात. एका कामाचे तुकडे करून ते शेकडो मशीनवर वाटले, की तिथंही हाच पेच : कुठला तुकडा, कुठल्या मशीनवर, कधी? त्यात एक मशीन जरी रेंगाळलं, तरी सगळं खोळंबतं. गूगलने 2004 साली मॅपरिड्यूसच्या, म्हणजे काम असं तुकड्यांत वाटणाऱ्या आपल्या प्रणालीच्या, चाचण्या मांडल्या. सुमारे 1,800 मशीनवर डेटा क्रमानं लावायचा होता. 960 सेकंदांत पाच तुकडे सोडून सगळं उरकलं. त्या पाचांनी आणखी 300 सेकंद घेतले! रेंगाळणारा तुकडा दुसऱ्या मशीनवरही चालवायचा, हा त्यावरचा नियम त्या फेरीत मुद्दाम बंद ठेवला होता.

असे नियम माणसं हातानं लिहायची. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 'डेसिमा' आणली, जॉब कसे लावायचे हे स्वतःच शिकणारी संगणकप्रणाली. तिला नियम दिलेच नाहीत. आभासी मशीनशाळेत तिनं पुन्हा पुन्हा जॉब लावून पाहिले. जॉब तुंबले की गुण वजा, एवढीच शिकवणी. मग 25 मशीनवर खरी परीक्षा झाली. हातानं घासूनपुसून बसवलेल्या नियमांपेक्षा जॉब सुटायचा सरासरी वेळ तिनं किमान 21 टक्क्यांनी घटवला.

या 'सरासरी'पाशी मला थांबावंसं वाटतं. बारके जॉब आधी काढले की सरासरी सुधारते. मोठ्यानं किती वाट पाहायची? गुण सरासरीवर असतील, तर यंत्र सरासरीच शिकणार. त्या मोठ्या कास्टिंगमागे कुणाचा पंप बंद आहे, ऊस वाळतोय, हे त्याला कुणीतरी मोजून सांगायला हवं.

(काका मोठ्या कास्टिंगपाशी परततात. फोनवर कुणीतरी बोलतंय.)

"हां हां, आजच देतो."

हाताच्या तळव्यानं 3 पुसला जातो.