वर राख, खाली दगड

नमस्कार श्रोतेहो.

आज मातीबद्दल बोलू या, पण ही शेतातली माती नाही. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, आयडाहोचा उत्तर भाग, वॉशिंग्टनचा पूर्व भाग आणि मोंटानाचा पश्चिम भाग मिळून जे डोंगराळ जंगल आहे, तिथली ही माती. रेड सीडर, हेमलॉक, डग्लस फर अशी उंच झाडं. खाली पानगळीचा थर. तो बाजूला सारून फावडं घातलं, की परातीतल्या पिठात हात जावा तसं ते सरळ आत जातं. वीतभर, दीड वीत, कधी हातभर. आणि मग खणकन दगड लागतो. तिथून खाली नुसते दगडच दगड, मधल्या फटींतून थोडी माती. म्हणजे वर राख, खाली दगड. आजच्या बोलण्यातली एवढी एक गोष्ट कानात राहू द्या: वर राख, खाली दगड.

राख म्हटल्यावर चूल डोळ्यांपुढे येईल. तिला बाजूला ठेवा. चुलीची राख लाकडाची. तिच्यातले क्षार पाण्यात उतरतात, म्हणून तर तिनं भांडी निघतात. ज्वालामुखीची राख म्हणजे काचेचे बारीक कण. तापलेला शिलारस वायूच्या जोरानं फुटतो, हवेत क्षणात थिजतो आणि त्याची काच होते. टाच घासायची सच्छिद्र, हलकी दगडी वज्री असते ना, प्युमिसची? तीच चीज कुटून मैद्यासारखी केली तर जे होईल, ते ही राख.

ती आली कुठून? अमेरिकेच्याच ऑरेगन राज्यातल्या माझामा नावाच्या पर्वतातून. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी जवळपास 3,700 मीटर उंचीच्या या पर्वताचा उद्रेक झाला आणि सुमारे 50 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. पुष्कळांना वाटतं की शिखर हवेत उडालं. उडालं नाही, ते खचलं. हॉवेल विल्यम्स या भूगर्भशास्त्रज्ञानं 1942 मध्ये हे नीट मांडलं. शिखर उडालं असतं तर आजूबाजूला जुन्या पर्वताच्या दगडांचे ढीग असायला हवे होते, आणि ते तर फारच थोडे होते. पोटातला रस निघून गेला आणि पोकळीवरचा डोंगर आत बसला. त्या खळग्यात आज क्रेटर लेक आहे, 594 मीटर खोल. तिथल्या मूळ रहिवासी क्लामथ लोकांच्या परंपरेत पाताळाचा लाओ आणि आकाशाचा स्केल यांच्या युद्धाची कथा आहे आणि तिच्यात डोंगर कोसळतो. ज्यांच्या पूर्वजांनी ते आभाळ काळं झालेलं पाहिलं, त्यांच्या कथेला मी नुसती दंतकथा म्हणणार नाही. लोकस्मृतीला आपण फार कमी मान देतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता या राखेची जी हकीकत मला सगळ्यात प्रिय आहे, ती सांगतो. हकीकत चपलांची आहे.

साल 1938. ऑरेगनच्या मध्यभागी फोर्ट रॉक नावाचा खडकाचा एक प्रचंड कडेवजा घेर आहे. आटलेल्या सरोवराच्या सपाटीवर, एखाद्या गडाच्या तटासारखा उभा. त्या परिसरात एक गुहा. आज तिथे रान नाही, सेजब्रशची रुक्ष झुडपं आहेत. ऑरेगन विद्यापीठाचे ल्यूथर क्रेसमन तिथे उत्खनन करत होते. गृहस्थ मूळचे समाजशास्त्राचे, त्याआधी चर्चमध्ये धर्मगुरू. पुरातत्त्व ते काम करता करता शिकले. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांचे ते पहिले पती. लोक एवढ्यावरच त्यांची ओळख संपवतात, हे मला बरोबर वाटत नाही.

तर गुहेत खणताना राखेचा थर लागला. माझामाची राख. पुष्कळ खणणारे असा थर लागला की हात झाडतात. ज्वालामुखीच्या राखेखाली काय असणार? क्रेसमन थांबले नाहीत. थर ओलांडून ते खाली गेले, आणि त्या थराखाली चपला निघाल्या. एखाददुसरी नाही, डझनांनी. सेजब्रशच्या सालीचे दोर वळून विणलेल्या. सपाट तळवा, पुढे बोटांवर येणारी झडप, घोट्याला बांधायच्या दोऱ्या. कित्येक जळून काळ्या पडलेल्या. दोराला दोर कसा गुंफला, हे आजही मोजता येतं इतकी वीण शाबूत. विणकाम हे हातांनी लिहिलेलं पत्र असतं. ते वाचणारी माणसं आपल्याकडेही फार उरलेली नाहीत, आणि त्याची खंत वाटते.

आता थरांचं तर्कशास्त्र बघा. राख एका उद्रेकात पडली. पांघरूण पडावं तशी, सगळीकडे जवळपास एकाच वेळी. जे पांघरुणाखाली, ते पांघरुणाच्या आधीचं. चपला राखेखाली, म्हणजे चपला राखेच्या आधीच्या. पुन्हा सांगतो: राखेखालचं ते राखेच्या आधीचं. मध्ये उंदीर-घुशींनी बीळ केलेलं नसेल, थर फाटलेला नसेल, तर हा पुरावा पक्का.

क्रेसमन म्हणाले, इथे माणूस फार पूर्वीपासून राहतो आहे. हे पटायला बराच काळ जावा लागला, कारण त्या भागात माणसाची वस्ती काही हजार वर्षांचीच, अशी तेव्हाची प्रचलित समजूत. हातात घड्याळ नव्हतं. होता फक्त थरांचा क्रम. पुढे 1940 च्या दशकाच्या शेवटी शिकागोत विलर्ड लिबी यांनी किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची रीत शोधली. फोर्ट रॉकच्या चपलेचा तुकडा तपासला गेला आणि वय आलं सुमारे 9,000 वर्षं. नंतरच्या नेमक्या मोजणीत ते आणखी मागे गेलं. आज जगातल्या सर्वांत जुन्या पादत्राणांत त्यांची गणना होते. राखेचा थर सांगत होता तेच खरं निघालं.

मात्र राख कुठल्या उद्रेकाची, हे नुसतं पाहून कधीही ठरवू नये. काचेच्या कणांचं रसायन तपासावं लागतं. आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरीला अशीच राख सापडली आणि तिथे अश्मयुगीन हत्यारंही आहेत. ती सुमात्रा बेटावरच्या टोबाच्या 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. आणि ओघात सांगतो, आपली काळी कापसाची माती राखेची नव्हे. ती बसाल्ट म्हणजे लाव्हाच्या खडकाची झीज होऊन बनली. तिला भेगा पडतात. राखेच्या मातीला तशा पडत नाहीत. काळी दिसली की ज्वालामुखीची राख, हे समीकरण डोक्यातून काढा.

तर जंगलातही हाच क्रम. खालचे दगड हिमनद्यांनी आणून टाकलेले किंवा उतारावरून घरंगळलेले, म्हणजे राखेच्या आधीचे. वरचं पांघरूण माझामाचं. त्यात 18 मे 1980 रोजी माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीनं आपली थोडी भर घातली. उत्तरेकडच्या, गर्द, ओलसर उतारांवर पांघरूण जाड टिकलं. दक्षिणेकडच्या उघड्या, कोरड्या उतारांवरून ते वाहून, उडून गेलं.

आता वर्गीकरण, थोडक्यात. दोन आकडे धरा: 36 आणि 18. वरच्या 60 सेंटिमीटरपैकी किमान 36 सेंटिमीटर मातीत राखेचे गुण असतील, तर अमेरिकी पद्धतीत ती अँडिसॉल. हा गट 1990 मध्ये आला. नावामागे जपानी 'आन' आणि 'दो', म्हणजे गडद माती. 36 भरत नाहीत, पण वरच्या 75 सेंटिमीटरमध्ये किमान 18 आहेत? मग माती मूळच्या दुसऱ्या गटातच राहते, नावापुढे फक्त अँडिक किंवा व्हिट्रँडिक हे विशेषण लागतं. व्हिट्र म्हणजे काच. 18 पेक्षा कमी असेल तर राखेचा नावात उल्लेख नाही. 36 ला गट, 18 ला विशेषण. आणि खालच्या थरात आकारमानाने 35 टक्के किंवा जास्त दगड असले, की नावात स्केलेटल शब्द येतो, म्हणजे सांगाड्यासारखी. आयडाहोची राज्यमाती थ्रीबेअर ही युडिव्हिट्रँड. नाव मागून वाचा: अँड म्हणजे राखेची, व्हिट्र म्हणजे काचेची, युड म्हणजे दमट हवेतली.

मोजणी अशी करा. पानगळ बाजूला काढा. माप खनिज मातीपासून, पानगळीपासून नाही. इथेच बहुतेक चुका होतात आणि 30 चे 36 होतात. खड्डा 75 सेंटिमीटरपर्यंत तरी न्या. दगडांसाठी 50 बाय 50 सेंटिमीटरचा, 20 सेंटिमीटर जाडीचा थर काढा. तो 50 लिटर. 2 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेलं सगळं वजन करा. समजा 60 किलो. त्याला 2.65 ने भागा: सुमारे साडेबावीस लिटर, म्हणजे 45 टक्के. 35 च्या वर, म्हणून स्केलेटल. दगड प्युमिसचे असतील तर हा भागाकार चालत नाही, ते पाण्यावर तरंगतात. त्यांचा अंदाज डोळ्यांनी, खड्ड्याच्या भिंतीवरून घ्या.

राखेची खूण हाताला कळते. ओली माती चिमटीत दाबा; आधी घट्ट वाटते आणि एकदम सुटून बोटांवर चिकट ओल येते. खात्रीसाठी सोडियम फ्लोराइडची परीक्षा: 1 ग्रॅम माती, 50 मिलिलिटर 1 मोलर द्रावण, 2 मिनिटं ढवळून पीएच पाहा. 9.4 च्या वर गेला तर राखेतून बनलेलं सक्रिय अॅल्युमिनियम आहे. फ्लोराइड त्याच्याकडचे हायड्रॉक्सिल सोडवतो म्हणून पीएच चढतो. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, हातमोजे घाला, हे द्रावण विषारी आहे. मातीत चुनखडी असेल तर परीक्षा फसते. आधी सौम्य आम्लाचा थेंब टाका, फेस आला तर निकालावर विसंबू नका. आणि प्रयोगशाळेत या मातीचा नमुना भट्टीत वाळवू नका. एकदा कडक वाळली की ती पूर्वीसारखं पाणी धरत नाही आणि चिकणमातीचा आकडा खोटा येतो. भट्टीचं बटण दाबायची घाई मला अजिबात मान्य नाही.

पाणी हा खरा मुद्दा आहे. राखेचा थर हलका असतो, घन सेंटिमीटरला 0.9 ग्रॅम किंवा त्याहून कमी; म्हणजे पोकळ्या भरपूर, पाणी भरपूर. खालच्या थरात 45 टक्के जागा दगडांनीच घेतलेली, पाणी धरायला उरतात 55. कोरड्या उन्हाळ्यात झाडं जगतात ती वरच्या पांघरुणावर. म्हणून लाकूडतोडीची अवजड यंत्रं ओल्या मातीवर नेऊ नयेत. पहिल्या काही फेऱ्यांतच सर्वाधिक दबाव बसतो, पोकळ्या मिटतात आणि वर्षानुवर्षं उघडत नाहीत. नेलीच तर ठरलेल्या वाटांवरून, जमीन कोरडी असताना किंवा गोठलेली असताना. पांघरूण खरवडून ढीग केला, तर दगड उघडा पडतो आणि तिथे रोप धरत नाही. नवी राख येणार ती पुढचा ज्वालामुखी फुटेल तेव्हाच.

शेवटी खड्डा बुजवण्याचं. खणताना राख एका गोणपाटावर, दगडमाती दुसऱ्या गोणपाटावर वेगळी ठेवा. भरताना आधी दगडमाती, ती पायानं दाबून बसवा. मग राख, न दाबता. आणि सगळ्यात शेवटी बाजूला काढलेली पानगळ.