नाकाताचे गोल मोजू नका!

नमस्कार. जपानचा फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता याचं नाव काढलं की एक प्रश्न हमखास येतो: "जपानसाठी ७७ सामने, गोल फक्त ११. मग एवढं नाव कशाचं?"

ओळख झटपट. मिडफिल्डर, तीन वर्ल्ड कप, १९९७ आणि १९९८ असा लागोपाठ दोनदा आशियातला सर्वोत्तम खेळाडू.

आता मुद्दा. गोल मोजायचेच असतील तर जपानच्याच काझुयोशी मिउराला घ्या: ८९ सामन्यांत ५५ गोल! जपानमध्ये तो 'किंग काझू' आहे. पण १९९४ मध्ये तो इटलीतल्या जेनोआ क्लबकडे गेला आणि लीगमध्ये एकच गोल करून एका हंगामात परतला. जपानी खेळाडू इटलीत टिकेल का, ही शंका तशीच राहिली. सप्टेंबर १९९८ मध्ये नाकाता पेरुजा क्लबकडून पहिल्यांदा सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, उतरला, समोर गतविजेता युव्हेंटस. पेरुजा ४-३ ने हरला, त्यातले दोन गोल नाकाताचे. त्या हंगामात लीगमध्ये एकूण दहा. म्हणजे गोल किती, यापेक्षा कुठे आणि कधी, हे बघा.

बरं, ट्रॉफी मोजू. जपानचाच शिंजी ओनो २००२ मध्ये नेदरलँड्सच्या फेयेनूर्द क्लबकडून युएफा कप जिंकला. युरोपातली मोठी ट्रॉफी, तरी नाकाताएवढी हवा झाली नाही.

मग पुरस्कार? शुनसुके नाकामुरा जपानच्या 'जे लीग'चा सर्वोत्तम खेळाडू दोनदा ठरला, २००० आणि २०१३ मध्ये. नाकाता एकदाही नाही. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या चाहत्यांना आपल्या नाकामुराची २००६ ची मँचेस्टर युनायटेडविरुद्धची फ्री किक आजही पाठ आहे. पण २००२ चा वर्ल्ड कप जपानमध्ये होता आणि संघात त्याचं नावच नव्हतं. नाकाताने त्याच स्पर्धेत ओसाकात ट्युनिशियाविरुद्ध गोल केला. अख्खा देश टीव्हीसमोर असताना तुम्ही मैदानावर असणं, याला आकड्यांत पर्याय नाही.

"इटलीच्या रोमा क्लबात तर नाकाता बाकावरच असायचा", हेही ऐकतो. अहो, त्याच्या जागेवर रोमाचा स्टार तोत्ती होता! वर युरोपियन युनियनबाहेरच्या देशांचे खेळाडू किती खेळवायचे, यावर मर्यादा. ती मे २००१ मध्ये उठली आणि काही दिवसांतच युव्हेंटसशी सामना आला. रोमा ०-२ ने मागे. तोत्तीच्याच जागी नाकाता आला. लांबून एक गोल मारला, आणि शेवटी त्याचा फटका गोलकीपरच्या हातून सुटला, तो सहकारी मोंतेल्लाने आत ढकलला. २-२. त्या वर्षी रोमाने लीग जिंकली.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पत्रकारांशी त्याचं जमत नव्हतं, म्हणून तो नव्वदच्या दशकातच स्वतःच्या वेबसाइटवर थेट चाहत्यांसाठी लिहायला लागला. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलकडून हरल्यावर तो जर्मनीत डॉर्टमुंडच्या मैदानात मधोमध आडवा पडून राहिला. वय २९. निवृत्तीची बातमीही त्याने त्याच वेबसाइटवर दिली.