पडदा ओढणाऱ्याचं नाव

(दृश्य : पावसाळी सकाळ. गोव्यातल्या साखळी गावाजवळचं एक गॅरेज. पत्र्यावर पाऊस. टेबलावर घडी पडलेला एक कागद.)

हा कागद बघा. मधोमध घडी, कोपऱ्यावर पावसाचा डाग. डाव्या बाजूला गाडीचा क्रमांक, उजवीकडे पोहोचल्याची वेळ. तास, मिनिट, सेकंद. सत्तरी तालुक्यातल्या केरी गावाबाहेर, अंजुणे धरणाच्या बाजूला, एका टीएसडी रॅलीचा, म्हणजे नेमकी वेळ पाळायच्या मोटार स्पर्धेचा, मार्शल म्हणून मी हा भरला होता. सप्टेंबर होता. घरोघरच्या गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळ्या उतरून आठवडा झाला असेल.

शेवटची नोंद एकोणीस नंबरच्या गाडीची आहे आणि तिच्याभोवती गोल केलेला आहे. ती गाडी आली तेव्हा कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायचा थांबा, बंद होऊन बावीस मिनिटं झाली होती. निकालाच्या यादीत एकोणीस नंबर नाही. वर्तमानपत्रात पहिले तीन आले, चषक हातात घेतलेला फोटो आला, प्रमुख पाहुण्यांचं नाव आलं.

एकोणीस नंबरचं काय झालं हे ज्यात छापून येईल, असं मासिक मला हवंय. मी एकटाच तसा आहे का, हे विचारायला म्हणून या गॅरेजात आलो.

(दृश्य : भिंतीवरची फळी. मासिकांचे जुने गठ्ठे.)

फळीवर इंग्रजी मोटार मासिकांचे जुने अंक आहेत. देखणे फोटो, गुळगुळीत कागद. कुठलाही अंक उघडा आणि तेलाचे ठसे कुठे आहेत ते शोधा. परदेशी महागड्या गाड्यांची पानं स्वच्छ आहेत. तीन-चार अंकांनंतर एक पान असं सापडतं की त्याच्या कडा काळ्या झाल्यात आणि ते पुस्तकातून सुटायला आलंय. त्यावर स्पार्क प्लगचे सहा फोटो आहेत. एवढंच.

यामाहाची आरएक्स हंड्रेड मोटरसायकल ज्यांनी पळवली त्यांना यातलं मर्म सांगायला नको. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, १९८५ ते १९९६ एवढाच तिचा काळ, आणि आजही क्लबच्या मातीवरच्या शर्यतींत तिचा आवाज लांबून ओळखू येतो. प्लग काढून टोक बघायचं. कॉफीच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर. काळंकुट्ट, ओलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी, आणि मग पिस्टन जाम होण्याची भीती. पणजीला समुद्रसपाटीवर बसवलेला जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, चोर्ला घाटाच्या माथ्यावर जड पडतो, कारण वर हवा विरळ. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत बाष्प इतकं असतं की त्याचाही हिशोब धरावा लागतो. गोव्याच्या हवेत, गोव्याच्या उंचीवर कुठला जेट चालला, हे कुणी तरी आकड्यानिशी लिहून ठेवावं, अशी इथल्या पोरांची पहिली मागणी आहे. आज हे ज्ञान दोन-तीन जुन्या मेकॅनिकांच्या डोक्यात आहे. ते दुकान बंद करून घरी बसले की ते गेलं.

(दृश्य : जॅकवर चढवलेली मारुती जिप्सी. चाकाच्या कमानीत सुकलेली तांबडी माती.)

दुसरी मागणी बिलाची. जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९ साली बाजारातून गेली. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती जीव लावून जपलीय, आणि आता प्रत्येक सुट्या भागासाठी फिरावं लागतं. कुठल्या दुसऱ्या गाडीचं बेरिंग बसतं, काय घासून बसवावं लागलं, किती पैसे गेले, किती दिवस टिकलं. तयार गाडीचा फोटो कुणीही काढतो. ती उघडी पडलेली असतानाचा फोटो आणि खाली खर्चाचा कागद, हे कुणी छापत नाही. अमेरिकेत १९८४ साली ‘ऑटो-एक्स’ या नावानं एक मासिक निघालं, पुढे त्याचं ‘ग्रासरूट्स मोटरस्पोर्ट्स’ झालं. त्यांनी गाडी बांधण्याची एक स्पर्धाच सुरू केली : दोन हजार डॉलरांच्या आसपासच्या रकमेत गाडी घ्यायची, तयार करायची आणि पळवून दाखवायची. हिशोब दाखवावा लागतो. वाचकाला त्यात स्वतःची गाडी दिसते. पगारातून पैसे बाजूला काढून जो शर्यतीत उतरतो, त्याच्यासाठी पैशाचा आकडा हा तंत्राचाच भाग असतो, आणि तो लपवला की अर्धी माहिती लपली.

आता रॅलीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिच्याविषयी सगळ्यात चुकीचं लिहिलं जातं.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे जोरात हाणणारा जिंकत नाही. आयोजक सरासरी वेग देतात आणि त्या वेगानं नेमक्या सेकंदाला पोहोचायचं. उशिरा आलात तर दंड, लवकर आलात तरी दंड. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. साडेबारा किलोमीटरला २० मिनिटं ५० सेकंद लागायला हवेत. आता समजा, आयोजकांचे १० किलोमीटर तुमच्या मीटरवर १०.२ दिसतात. टायर झिजून लहान झाला की असं होतं. शेजारी बसून हिशोब करणाऱ्या नॅव्हिगेटरनं हा फरक धरला नाही, तर साडेबाराच्या कंट्रोलवर त्याचं मीटर पावणेतेरा दाखवतं. तो पावणेतेराच्या हिशोबानं वेळ काढतो आणि पंचवीस सेकंद उशिरा पोहोचतो. टायरवरच्या चार-सहा मिलिमीटर रबराची ही किंमत. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘थरारक रॅली’. थरार कसला? शेजारच्या सीटवर मांडीवर रोडबुक, म्हणजे वाटेच्या खुणांची वही, हातात पेन्सिल, उलटी दाबून धरलेला एक माणूस नागमोडी रस्त्यावर भागाकार करत असतो. त्या माणसाचं पान हवं. त्यानं केलेल्या बेरजा-वजाबाक्यांसकट. रोडबुकातल्या त्या बाण-गोळ्याच्या आकृत्या, ज्यांना नेदरलँड्सच्या रॅलीवरून ट्यूलिप म्हणतात, त्यातली कुठली आकृती वाचताना किती गाड्या चुकल्या, आणि का, तेही हवं. पुढच्या वर्षीचा नवखा नॅव्हिगेटर त्यातूनच तयार होईल.

(दृश्य : मुसळधार पाऊस. चिखलात रुतलेली चाकं. ताणलेला दोर.)

चिखलाचंही तेच. २०१४ च्या पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या मलेशियात १९९७ पासून चालत आलेल्या स्पर्धेची भारतातली पहिली फेरी गोव्यात झाली. आपला पाऊस, ज्याला पर्यटक कंटाळतात, तो या स्पर्धेचं भांडवल ठरला. गाडीत दोघेच, चालक आणि सहचालक. गाडी रुतली की सहचालक विंचचा, म्हणजे गाडीवरच्या ओढयंत्राचा, दोर घेऊन कमरेएवढ्या चिखलात उतरतो. दोर झाडाला थेट बांधला तर साल सोलून निघते, म्हणून आधी रुंद पट्टा गुंडाळायचा आणि शॅकल, म्हणजे लोखंडी कडी, त्यात अडकवायचं. कप्पीतून दोर परत गाडीकडे आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. कप्पी लावायला वेळ जातो, न लावावी तर विंचची मोटर तापते. हा निर्णय पावसात, घड्याळ चालू असताना घ्यायचा. चांगला लेखक याच्यावर दोन पानं लिहील आणि मी ती दोनदा वाचेन.

अपघातांबद्दल गॅरेजातला आवाज खाली आला. गाडी उलटली की एक तर मोठी बातमी होते, नाही तर काहीच होत नाही. दोन्हीचा पुढच्या माणसाला उपयोग नाही. हार्नेसचे, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टचे, खांद्यावरचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. जागा नाही म्हणून ते खाली फरशीला ओढून बांधले, तर आदळताना ते खांदे खाली दाबतात आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो. हे ज्याला ठाऊक नव्हतं अशा एकाच्या पाठीला झालेली दुखापत मी पाहिलीय. त्या दिवसाबद्दल कुठेही ओळ छापली गेली नाही. कुणाला दोषी ठरवायचं म्हणून मी हे म्हणत नाही. गाडी तपासणाऱ्यानं, बांधणाऱ्यानं, चालवणाऱ्यानं, तिघांनीही ते वाचायला हवं होतं.

(दृश्य : डिचोलीकडचा सडा. धुकं, गुरं, बारीक निळी फुलं.)

आणि जागा. सराव करायला जागा नाही, ही तक्रार प्रत्येकाची. सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, मोकळा दिसतो. २०१२ साली खाणी पहिल्यांदा थांबल्या तेव्हापासून डिचोली-सत्तरीत उघड्या तांबड्या जमिनीही दिसतात. पण सड्यावर पावसाळ्यात गुरं चरतात, आणि त्या जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी खालच्या गावाच्या झरीला येतं. तिथे मोटरसायकली घुमवायच्या तर आधी गावाला विचारावं लागतं. पंचायतीत कोण गेलं, गावकऱ्यांनी काय अटी घातल्या, शर्यत संपल्यावर चाकोऱ्या कुणी बुजवल्या, हे शर्यतीच्या वृत्तान्ताच्या शेजारीच छापायला पाहिजे. मला तर वाटतं, ते वृत्तान्ताच्या आधी यावं.

भाषेचा मुद्दा मी काढला नव्हता, तो हेल्परनं काढला. या गॅरेजात बोलणं कोंकणीत चालतं आणि वर्तमानपत्र मराठी येतं. आमच्या कितीतरी घरांत असंच आहे. बोलायची भाषा एक, वाचायची दुसरी, आणि दोन्ही आपल्याच. त्याला इंग्रजी अंकातले फोटो कळतात, मजकूर कळत नाही. मराठीत लिहा, पण ‘गाडी मिसिंग मारते’ असंच लिहा, म्हणाला. ‘रिंगा गेल्या’, ‘हेड उतरवलं’, ‘पिकअप घेत नाही’. या शब्दांना शुद्ध करायला गेलात की वाचणारा पान उलटतो. त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

आता नावांची गोष्ट. आमच्या गावच्या देवळात उत्सवाला मराठी नाटक असतं. त्याची स्मरणिका निघते. मुख्य नट असतो, दिग्दर्शक असतो, आणि खाली बारीक अक्षरांत पेटी, तबला, रंगभूषा, आणि पडदा ओढणाऱ्याचंही नाव असतं. ते नाव चुकलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मी लहान असताना वडिलांचं नाव त्यात असायचं, प्रकाशयोजनेला साहाय्य म्हणून. आई तो अंक कपाटात ठेवायची.

मोटरस्पोर्टचं आपल्याकडे असं कपाटच नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, आपला राष्ट्रीय महासंघ १९७१ चा. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. तिथे जिंकलेल्यांची नावं मिळतात. अकरावा कोण आला, कुणाच्या गॅरेजात त्याची गाडी तयार झाली, हे आज कुठे शोधणार? इथल्या प्रत्येकानं मला वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलं : निकाल शेवटच्या नंबरापर्यंत छापा. जे पोहोचले नाहीत त्यांच्यापुढे का पोहोचले नाहीत ते लिहा. मार्शलची नावं लिहा. नावं देवनागरीत बरोबर लिहा.

(दृश्य : पुन्हा तो कागद.)

तर एकोणीस नंबर. मारुती ८००. डिचोलीचे दोघे मामे-आतेभाऊ. क्लचची केबल पेडलपाशी तुटली, वाळपईच्या अलीकडे. त्यांनी इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला आणि चावी फिरवली. स्टार्टरनं गाडीला हिसका दिला आणि ती चालू लागली. पुढचे गिअर क्लचशिवाय, इंजिनचा आवाज ऐकत, पाय उचलून, लिव्हर अलगद सरकवत. वळणं निभावली. पण प्रत्येक कंट्रोलवर थांबावं लागतं. थांबायचं म्हणजे इंजिन बंद करायचं आणि पुन्हा स्टार्टरच्या जोरावर निघायचं. तिसऱ्या थांब्याला बॅटरी बसली. मग ढकलत एका स्कूटरच्या दुकानापर्यंत नेली, तिथे तुटलेल्या टोकाला स्क्रूचा निपल आवळला, दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. आणि ते माझ्यापाशी आले.

कंट्रोल बंद झालाय, मी म्हटलं. ठाऊक आहे काका, चालवणारा म्हणाला, पण रोडबुक पुरं करायचंय.

मी सेकंदासकट वेळ लिहिली. १६:५२:०७. ते पुढे गेले.

कंट्रोल शीटवर गाडीच्या नंबरासाठी रकाना असतो. वेळेसाठी असतो. नावासाठी नसतो. मीही विचारलं नाही.

आज विचारलं. गॅरेजवाल्याला ठाऊक होतं, ती गाडी अजून त्याच्याकडेच येते.

(दृश्य : तेलकट हात पेन घेतो. कागदाच्या समासात, १९ च्या शेजारी, एकाखाली एक दोन नावं लिहितो. मग थोडा थांबून, त्यांच्याखाली, स्कूटरच्या दुकानदाराचं.)