थंडी येणार म्हणजे कुठे, कधी आणि किती वाजता?

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात रेडिओ लावला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, येत्या दोन-तीन दिवसांत देशभरात थंडी वाढणार. आता मला सांगा, देशभरात म्हणजे नक्की कुठे? आणि वाढणार ती रात्रीची का दिवसाची? एवढ्या मोठ्या देशात सगळीकडे एकदमच गारठा पडला असं सहसा होत नाही, एकीकडे शेकोटी पेटलेली असते आणि दुसरीकडे पंखा चालू असतो.

म्हणून आज फक्त तीन दिवसांचं बोलू. हवामान खात्याचा शॉर्ट रेंज अंदाज साधारण ७२ तासांपर्यंतचा असतो आणि हिवाळ्यात तो बऱ्यापैकी जमतो, कारण पाहुणा लांबूनच येताना दिसतो. त्याचं नाव वेस्टर्न डिस्टर्बन्स, आपल्या भाषेत पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत आपल्याकडे येतो, महिन्याला असे चार-सहा येतात, त्यातले काही नुसतेच ढग दाखवून जातात.

समजा असा एक दमदार आज काश्मीरवर पोचला. तिथे चिल्लई कलां चालू, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस. गुलमर्गला बर्फ, हिमाचलात बर्फ, खाली पंजाब-हरियाणात पाऊस. आणि गंमत बघा, त्याच रात्री दिल्लीतला गारठा कमी होतो! ढग असले की जमिनीची ऊब वर निसटत नाही, गोधडी पांघरल्यासारखं होतं. लोक म्हणतात चला, गेली थंडी, आणि स्वेटर कपाटात जातात. एवढी घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी झंझावात पुढे सरकतो, आभाळ मोकळं होतं आणि डोंगराकडून कोरडं थंड वारं सुटतं. इथे सगळी मेख वाऱ्यात आहे. वारं वाहत राहिलं तर पारा घसरतो आणि थंडीची लाट येते, वारं पडलं तर ओल्या जमिनीवर रात्रीत धुकं धरतं. अतिदाट धुकं म्हणजे ५० मीटरच्याही पलीकडचं दिसत नाही, चार एसट्या एकामागे एक उभ्या केल्या की संपलं. मग उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास लेट, विमानं खोळंबलेली. हे धुकं दुपारपर्यंत हटलं नाही की उत्तर प्रदेश-बिहारात दिवसाच हुडहुडी भरते, त्याला कोल्ड डे म्हणतात आणि माझ्या मते तो लाटेपेक्षा वाईट, कारण ऊनच मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी ते वारं मध्य प्रदेशातून खाली आपल्याकडे येतं, धुळे, जळगाव, निफाड, तिकडे नागपूर, गोंदिया. पण बंगालच्या उपसागरावरून दमट वारं आडवं आलं तर विदर्भात थंडी राहते बाजूला आणि गारपीट होते. मुंबईचं तर विचारूच नका, वारं उत्तरेचं असेल तर पहाटे जरा बरं वाटतं, समुद्रावरून आलं की परत घाम. सपाट प्रदेशात किमान तापमान १० डिग्री किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार डिग्री कमी झालं की थंडीची लाट म्हणतात, किनाऱ्यावर मात्र १५ लाच. आणि चेन्नईत डिसेंबरात लोक स्वेटर नाही, छत्री शोधत असतात, कारण त्यांचा खरा पावसाळा तेव्हाच असतो.

एक प्रश्न दरवर्षी येतो, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण दिसले, मग तापमान पाच-सहा डिग्री कसं सांगता? अहो, खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. निरभ्र रात्री गवत आणि गाडीचं टप त्या पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी गार होतं, तिथे दंव पडून गोठतं. दोन्ही खरं.

तेव्हा द्राक्षबागायतदारांनी रेडिओवरचा आकडा ऐकून निवांत बसू नका. रात्री जेवण झाल्यावर अंगणात या, चांदण्या लख्ख दिसत असतील आणि झाडाचं पानही हलत नसेल तर बागेत शेकोटीसाठी पालापाचोळा आणि काटक्या आत्ताच गोळा करून ठेवा, पहाटे चारपासून उजाडेपर्यंतचीच वेळ बेकार.